दुकानफोडी आणि कटाच्या शिक्षेविरुद्ध अपील: सहआरोपीचे निवेदन, गोठ्यातील जप्ती आणि फोन कॉल यांना किती वजन?

धाकट्याची ताई

सर्वांना नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला आमच्या तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालयाने गेल्या आठवड्यात भारतीय दंड संहितेच्या कलम 457 (रात्रीची घरफोडी) आणि 380 (चोरी) सह 120-ब (कट) खाली दोषी ठरवून दोन वर्षे सक्तमजुरी आणि पाच हजार रुपये दंड अशी शिक्षा दिली. घटना 2022 च्या दिवाळीआधीची आहे. बाजारपेठेतील मोबाइलचे एक दुकान रात्री फोडले गेले. भाऊ त्याच दुकानात मदतनीस होता आणि पगाराच्या थकबाकीवरून झालेल्या वादानंतर त्याने घटनेच्या दोन महिने आधी काम सोडले होते. तेव्हा तो वीस वर्षांचा होता, आज तेवीस वर्षांचा आहे.

सरकार पक्षाचे म्हणणे असे की, आरोपी क्रमांक 1 आणि 2 यांनी प्रत्यक्ष चोरी केली, तर माझा भाऊ म्हणजे आरोपी क्रमांक 3 याने माल कुठे ठेवतात ते सांगितले, आतल्या केबिनची बनावट किल्ली पुरवली आणि तिघांनी मिळून कट केला. त्याच्याविरुद्ध तीन गोष्टी धरल्या आहेत. आरोपी 1 ने पोलिसांकडे दिलेल्या निवेदनात त्याचे नाव आहे. भावाच्या निवेदनावरून आमच्या गोठ्यातून दोन हँडसेट जप्त झाल्याचे दाखवले आहे. त्या जप्तीचे दोन्ही पंच न्यायालयात फितूर झाले. आणि घटनेच्या आदल्या दिवशी आरोपी 1 व भाऊ यांच्यात फोन झाल्याची नोंद आहे. हे दोघे लहानपणापासून एकाच तालमीत जातात.

अपील करण्यासाठी न्यायालयाने त्याला तूर्त जामिनावर सोडले आहे. अपिलाला मुदत किती असते, वरचे न्यायालय पुरावा पुन्हा तपासते की फक्त निकालातील चूक पाहते, आरोपी 1 चे निवेदन माझ्या भावावर खरोखर लादता येते का, आणि तो ज्या भरतीची तयारी करत होता तिचे आता काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आमचे वकील चांगले आहेत, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचे हेच आम्हाला सुचत नाही.

जिल्हा न्यायालयातील वकील

ताई, आधी मुदतीचे सांगतो, कारण ती हुकली की पुढचे सारे अवघड होते. मुदत कायद्याच्या अनुच्छेद 115 प्रमाणे सत्र न्यायालयात अपील दाखल करण्यास 30 दिवस मिळतात आणि प्रमाणित नक्कल मिळवण्यात गेलेला काळ त्यातून वजा होतो. उशीर झालाच तर कारण दाखवून तो माफ करून घेता येतो, पण तशी वेळ येऊ देऊ नका. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची एक प्रत लगेच आणि विनामूल्य मिळते, ती हातात असेलच. साक्षी, पंचनामे आणि आरोपीचा जबाब यांच्या नकलांसाठी मात्र नक्कल विभागात आजच वेगळा अर्ज द्या.

आत्ता मिळालेला जामीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 389(3) खालचा दिसतो. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर अपील करता यावे म्हणून शिक्षा देणारे न्यायालयच त्याला ठराविक मुदतीपुरते सोडते. ती मुदत संपण्याच्या आत अपील दाखल करून सत्र न्यायालयाकडून शिक्षा तहकूब करून घ्यावी लागते. अपील आणि शिक्षा तहकुबीचा अर्ज एकाच दिवशी द्यावा. ठराविक मुदतीच्या शिक्षेत असा अर्ज उदारपणे पाहावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली भगवान रामा शिंदे गोसाई प्रकरणात सांगितले आहे. अशा प्रकरणात तहकुबी मिळण्यास सहसा अडचण येत नाही.

कलमांच्या आकड्यांवरून गोंधळू नका. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, पण गुन्हा त्याआधीचा असल्यामुळे शिक्षा जुन्या दंड संहितेखालीच राहील. अपिलाच्या मेमोवर पूर्वी 374 लिहीत असत, आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे 415 लिहितात. आकडा चुकला म्हणून अपील फेटाळले जात नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. दोषसिद्धीविरुद्धचे पहिले अपील हे वस्तुस्थिती आणि कायदा या दोन्हींवर असते. सत्र न्यायाधीशांनी प्रत्येक साक्ष स्वतः वाचून स्वतःचे मत बनवायचे असते. वकील गैरहजर राहिला तरी केवळ त्या कारणाने फौजदारी अपील काढून टाकता येत नाही, ते गुणदोषांवरच निकाली काढावे लागते, हे बनी सिंग प्रकरणात 1996 साली स्पष्ट झाले आहे. यानंतर दुसरे अपील नाही. उच्च न्यायालयात फक्त पुनरीक्षण अर्ज उरतो आणि तिथे पुरावा नव्याने तोलला जात नाही. म्हणून साक्षीतला प्रत्येक मुद्दा याच टप्प्यावर मांडला गेला पाहिजे. राखून ठेवण्यासारखे काही नसते. आणखी एक भीती असल्यास ती काढून टाका: आरोपीने केलेल्या अपिलात त्याची शिक्षा वाढवता येत नाही, त्यासाठी सरकारला वेगळे अपील करावे लागते.

निवृत्त तपासी अंमलदार

ताईंच्या घरावर आलेला प्रसंग मी समजू शकतो. तरीही दुसरी बाजू स्पष्टपणे मांडतो, कारण ती आधी ठाऊक असलेली बरी. पंच फितूर झाले म्हणजे जप्ती संपली, ही समजूत खरी नाही. गावातला पंच आरोपीच्या भावकीला घाबरून किंवा मिंधेपणाने न्यायालयात फिरतो, हे न्यायाधीशांनाही माहीत असते. जप्तीच्या पंचनाम्याला स्वतंत्र साक्षीदाराचा दुजोरा असलाच पाहिजे असे नाही आणि पोलिसांच्या कृतीकडे सुरुवातीपासूनच अविश्वासाने पाहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या सुनील प्रकरणात सांगितले आहे. तपासी अंमलदाराची साक्ष उलटतपासात टिकली, तर एकट्या तिच्यावरही जप्ती शाबीत धरता येते.

दुसरी गोष्ट मालाची. मोबाइलवर आयएमईआय, म्हणजे प्रत्येक हँडसेटचा वेगळा ओळख क्रमांक, असतो. गोठ्यातल्या हँडसेटचे क्रमांक दुकानदाराच्या खरेदी बिलांशी जुळले असतील, तर तो माल त्याच दुकानातला आहे यावर वाद करण्यात अर्थ नाही. चोरीनंतर लवकरच चोरीचा माल कुणाच्या ताब्यात सापडला आणि त्याने समाधानकारक खुलासा दिला नाही, तर तोच चोर किंवा चोरीचा माल जाणून घेणारा असावा, असे अनुमान पुरावा कायद्याच्या कलम 114 च्या उदाहरण (अ) प्रमाणे काढता येते. ‘लवकर’ म्हणजे किती, हे मालाच्या प्रकारावर अवलंबून असते. इराभद्रप्पा प्रकरणात सुमारे वर्षभराने सापडलेल्या दागिने आणि साड्यांवरूनही ते अनुमान मान्य झाले होते. तेव्हा गोठ्याच्या प्रश्नाला तुमच्याकडे सरळ उत्तर हवे. पोलिसांनी खोटे गुंतवले एवढ्याने भागणार नाही.

पेठेतला दुकानदार

माझे दुकान दोन वेळा फुटले आहे. सकाळी कुलूप तुटलेले आणि शटर अर्धे वर गेलेले पाहिल्यावर पोटात काय होते, ते ज्याचे दुकान त्यालाच कळते. विम्याचे पैसे तुटपुंजे मिळाले आणि जप्त माल सुपूर्तनाम्यावर (मागितल्यास हजर करण्याच्या हमीवर) परत मिळेपर्यंत त्या मॉडेलची किंमत निम्म्यावर आली होती. म्हणून आरोपी सुटल्याच्या बातम्या वाचताना मनाला त्रास होतो, हे मी लपवणार नाही. पण एक गोष्ट मनापासून सांगतो. काम सोडून गेलेल्या पोरावर पहिला संशय घेणे आम्हा दुकानदारांना फार सोपे जाते. फिर्याद लिहिताना पोलीस विचारतात, कुणावर संशय आहे का? तेव्हा पगारावरून भांडून गेलेल्याचे नाव ओठावर येतेच. ताईंच्या भावाचे नाव फिर्यादीत पहिल्याच दिवशी आले होते की आरोपी 1 पकडला गेल्यानंतर, हे जरूर पाहा.

धाकट्याची ताई

आपणा सर्वांची मी आभारी आहे. अंमलदारकाकांनी लिहिलेले कडू असले तरी उपयोगाचे आहे. कागद काढून पुन्हा वाचले. फिर्यादीत भावाचे नाव नाही. आरोपी 1 ला अटक झाल्यानंतर चौथ्या दिवशी भावाला घरातून नेले. आयएमईआय क्रमांक बिलांशी जुळतात. गोठा आमच्या वाड्याच्या मागे आहे. त्याला दार नाही, फक्त फळ्यांचा अडसर आहे. तिथे आमच्या दोन्ही चुलत्यांचीही जनावरे असतात आणि धारा काढायला रोज एक गडी येतो. हँडसेट कडब्याच्या गंजीखाली प्लास्टिकच्या पिशवीत होते, असे पंचनाम्यात लिहिले आहे.

घटनास्थळ पंचनामा वाचताना एक गोष्ट खटकली. त्यात शटरचे कुलूप आणि कोयंडा पहारीने तोडल्याचे लिहिले आहे. पुढे आतल्या केबिनच्या दाराची काच फोडलेली असून तिचे कुलूप जागेवर बंद आहे, असे लिहिले आहे. मग बनावट किल्ली कशाला लागली? ती किल्ली कुणाकडूनही जप्त झालेली नाही.

शेवटी भावाला न्यायालयाने विचारलेल्या प्रश्नांचा जबाब पाहिला. जप्तीबद्दल एक प्रश्न आहे, पण फोनबद्दल एकही नाही. निकालात मात्र फोन हा महत्त्वाचा पुरावा म्हणून धरला आहे. हे चालते का?

जिल्हा न्यायालयातील वकील

ताई, किल्लीचा मुद्दा तुम्ही स्वतः शोधलात आणि माझ्या मते तुमच्या अपिलातला तोच सर्वात भक्कम मुद्दा आहे. मात्र तो नीट जागेवर बसवावा लागेल. कट म्हणजे दोन किंवा अधिक जणांनी बेकायदा कृत्य करण्याचे ठरवणे. ओळख, मैत्री, एकाच तालमीत जाणे किंवा गुन्ह्याची नुसती माहिती असणे यातून कट सिद्ध होत नाही, ठरवल्याचे दाखवावे लागते. ते उघडपणे कधीच होत नसल्यामुळे परिस्थितीवरून अनुमान काढता येते हे खरे, पण ती परिस्थिती आधी शाबीत झालेली असली पाहिजे. सरकार पक्षाने तुमच्या भावाची कटातली भूमिका म्हणून दोनच गोष्टी सांगितल्या: माहिती आणि किल्ली. किल्ली सापडली नाही आणि सरकारचाच घटनास्थळ पंचनामा सांगतो की केबिनचे कुलूप उघडलेच गेले नाही, काच फोडून आत शिरले. ज्या वस्तूची गरजच पडली नाही ती पुरवल्याचा आरोप उरतो कुठे? राहिली माहिती. ती त्याने दिली, हे कोण सांगते? फक्त आरोपी 1 चे पोलिसांसमोरचे निवेदन.

त्या निवेदनाचे कायद्याच्या दृष्टीने मोल शून्य आहे, हे मी ठामपणे लिहितो. पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा कायद्याच्या कलम 25 खाली मुळातच ग्राह्य नाही. कलम 27 मुळे त्यातला एवढाच तुकडा वाचतो ज्यातून एखादी वस्तुस्थिती उघडकीस आली, आणि तोही निवेदन करणाऱ्याविरुद्ध. सहआरोपीच्या कबुलीजबाबाचे कलम 30 इथे लागू होण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ते शाबीत करता येण्याजोग्या कबुलीजबाबापुरते आहे. दंडाधिकाऱ्यांसमोर रीतसर दिलेला जबाब असता, तरी तो इतर पुराव्याला केवळ टेकू म्हणून वापरता आला असता, पाया म्हणून नाही. 1952 च्या कश्मिरा सिंग आणि 1964 च्या हरिचरण कुर्मी या निकालांपासून हे पक्के आहे. कटातील एकाचे बोलणे दुसऱ्याविरुद्ध वापरू देणारे कलम 10 काही ठिकाणी सरकारी वकील पुढे करतात. पण ते कट चालू असतानाच्या बोलण्या-वागण्यापुरते आहे. अटकेनंतर कोठडीत केलेले कथन त्यात बसत नाही, हे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1940 सालीच मिर्झा अकबर प्रकरणात सांगितले होते.

आता गोठा. अंमलदारसाहेबांनी लिहिलेले बरोबर आहे. पंच फितूर झाल्याने जप्ती आपोआप पडत नाही, आणि आयएमईआय जुळत असतील तर माल दुकानाचा आहे हे मान्य करूनच युक्तिवाद केलेला बरा. तरी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पंच उलटले असताना निवेदन शाबीत करण्याचा सारा भार तपासी अंमलदारावर येतो. आरोपीने नेमके कोणते शब्द उच्चारले, हे त्याने स्वतः साक्षीत सांगितले पाहिजे. अमुक निशाणीचा (दाखल पुराव्याला न्यायालय देते त्या क्रमांकाचा) पंचनामा केला, त्यावर माझी सही आहे, एवढ्याने निवेदनातला मजकूर शाबीत होत नाही, असे 2022 च्या रामानंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. तुमच्या तपासी अंमलदाराचा सरतपास (सरकारी वकिलाने घेतलेली त्याची साक्ष) या नजरेने ओळ न ओळ वाचा.

दुसरी गोष्ट ताब्याची. यासाठी मुंबईचा एक जुना खटला तुमच्या वकिलांना जरूर दाखवा: मोहम्मद इनायतुल्ला विरुद्ध महाराष्ट्र राज्य, निकाल 1975 चा. हाजी बंदरातून रसायनाची तीन पिंपे चोरीला गेली होती. पिंपे कुठे ठेवली आहेत ते सांगतो आणि ती मी अमुक तारखेला हाजी बंदरातून काढली होती, असे आरोपीने पोलिसांना सांगितल्याचा पुरावा होता. सर्वोच्च न्यायालयाने या वाक्याचे दोन भाग केले. ठिकाण सांगणारा पहिला भाग ग्राह्य, कारण त्यातून पिंपे मिळाली. ती आपण काढल्याची कबुली देणारा उरलेला भाग अग्राह्य. नंतर प्रश्न आला की उरलेल्या तुकड्यावरून काय ठरते. पिंपे एका मुसाफिरखान्याच्या आवारात होती आणि तिथे कुणीही येऊ-जाऊ शकत होते. आरोपीने ती तिथे ठेवलेली असू शकतील, पण दुसऱ्या कुणी ठेवलेली त्याला माहीत असणेही तितकेच शक्य होते. म्हणून ती त्याच्या ताब्यात होती असे धरता आले नाही, कलम 114 चे अनुमानही लागले नाही आणि तो सुटला.

तुमचा बिनदाराचा, तीन कुटुंबांच्या वापराचा आणि रोज बाहेरचा माणूस येणारा गोठा या निकालाच्या जवळ जातो. मात्र एक फरक सरकारी वकील दाखवतीलच. हाजी बंदरची पिंपे आवारात पडून होती, तुमच्याकडचे हँडसेट कडब्याखाली दडवलेले होते. दडवलेल्या वस्तूची जागा ठाऊक असणे अधिक बोलके ठरते. म्हणून गोठा कुणाकुणाच्या वापरात आहे, हे उलटतपासात तपासी अंमलदाराकडून वदवून घेतले होते का, ते आधी पाहा. ते पुराव्यात नसेल तर अपिलात नुसते सांगून चालणार नाही. जप्तीवर सगळाच अविश्वास दाखवला गेला नाही, तर न्यायालय 457 आणि 120-ब मधून सोडून चोरीचा माल बाळगण्याच्या 411 कलमावर येऊ शकते, हीही शक्यता मनात ठेवा.

फोनबद्दल दोन मुद्दे आहेत. आरोपीच्या जबाबात जी परिस्थिती त्याच्यासमोर ठेवलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, हे 1984 च्या शरद बिरधीचंद सारडा निकालात आहे. आपल्या पुण्याचाच तो खटला. मात्र या त्रुटीमुळे आरोपीचे काय नुकसान झाले तेही दाखवावे लागते, आणि अपील न्यायालय त्या मुद्द्यावर आरोपीचे म्हणणे नव्याने मागवू शकते. इथे नुकसान उघड आहे. विचारले असते तर एका तालमीतले मित्र नेहमीच फोनवर बोलतात, हा साधा खुलासा त्याने केला असता. तशी आधीच्या महिन्यांची नोंद त्याच सीडीआरमध्ये (फोन कंपनीच्या कॉल-नोंदींत) आहे का, तेही तपासा.

दुसरा मुद्दा पुरावा कायद्याच्या कलम 65-ब च्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत लागणाऱ्या, प्रमाणपत्राचा. ते आवश्यकच आहे, हे जालन्याच्या निवडणूक वादातून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात 2020 साली ठरले. तरी त्याच्या भरवशावर राहू नका. सीडीआर निशाणी क्रमांक पडून पुराव्यात दाखल होताना तुमच्या बाजूने हरकत घेतली नसेल, तर ती अपिलात पहिल्यांदा घेता येत नाही, असे सोनू ऊर्फ अमर प्रकरणात 2017 साली सांगितले आहे. त्या दिवशीची साक्ष आणि रोजनामा (न्यायालयाच्या रोजच्या कामाची नोंद) पाहूनच हा मुद्दा घ्यायचा की नाही ते ठरवा. नाहीतर कच्च्या मुद्द्यावर सुरुवातीलाच वेळ जातो.

भरतीविषयी लिहिताना मला जपून लिहावे लागते. शिक्षा तहकूब झाली तरी दोषसिद्धी कायम राहते. दोषसिद्धीलाच स्थगिती मागता येते, पण ती अपवादानेच मिळते आणि तिच्यावाचून होणारे न भरून येणारे नुकसान नेमकेपणाने दाखवावे लागते. कोणत्याही अर्जात खटल्याची माहिती विचारली असेल तर ती दडवू देऊ नका, कारण पुढे निर्दोष सुटल्यावरही त्या लपवाछपवीमुळे नेमणूक जाऊ शकते.

आणि एक पर्यायी विनंती मेमोत असू द्या. दोषसिद्धी कायम राहिलीच तर परिवीक्षा अधिनियम, 1958 च्या कलम 4 चा, म्हणजे कैदेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा, लाभ द्यावा, अशी. अपील न्यायालयाला तो अधिकार आहे. घटनेच्या वेळी तो एकवीस वर्षांखालचा होता म्हणून त्या वयाखालच्यांना शक्यतो कैद न देण्याचे कलम 6 लागते असे कुणी सुचवेल. पण त्यासाठी शिक्षा सुनावतानाचे वय धरतात, त्यामुळे तिकडे जाऊ नका.

निवृत्त तपासी अंमलदार

वकीलसाहेबांनी केबिनच्या कुलपाबद्दल लिहिलेले वाचून मी घटनास्थळ पंचनाम्यांची आठवण काढत होतो. घाईत लिहिलेला पंचनामा पुढे कुणालाच बदलता येत नाही. कुलूप बंद आणि काच फुटलेली असे लिहिले असेल, तर किल्लीची गोष्ट नंतर कुणीतरी जोडली, असा अर्थ न्यायालय काढू शकते, आणि तपास करणारा माणूस म्हणून मला तो गैर वाटत नाही. ताई, त्या पंचनाम्यासोबत घटनास्थळाचे फोटो काढलेले असतात. ते दोषारोपपत्रात जोडले आहेत का आणि केबिनच्या दाराचा फोटो त्यात आहे का, ते पाहा.

धाकट्याची ताई

फोटो आहेत, काका. केबिनचे दार एका फोटोत दिसते, कुलूप कडीला लागलेले आहे. पण ते फोटो निशाणी म्हणून दाखल झालेले दिसत नाहीत. नकलांचा अर्ज आज दिला. परवा वकिलांकडे जाणार आहोत. गोठ्याबद्दल उलटतपासात विचारलेल्या दोन ओळी सापडल्या आहेत. तपासी अंमलदाराने चुलत्यांची जनावरे तिथे असल्याचे मान्य केले आहे, गड्याबद्दल मात्र कुणी विचारलेले नाही. फोटो आता अपिलात दाखल करून घेता येतील का?

जिल्हा न्यायालयातील वकील

येतील. अपील न्यायालयाला आवश्यक वाटल्यास जादा पुरावा घेण्याचा अधिकार आहे. पूर्वी तो कलम 391 खाली होता. हे फोटो सरकार पक्षानेच दोषारोपपत्रासोबत दिलेले असल्यामुळे त्यांच्या खरेपणावर वाद घालणे सरकारलाच कठीण जाईल. तुमच्या वकिलांना अपिलासोबतच तसा अर्ज तयार ठेवायला सांगा. फोटो कुणी काढले त्याचे नाव घटनास्थळ पंचनाम्यात आहे का, तेही परवा जाताना पाहून जा.